बाईंचं घर

दशलक्षण पर्व आटोपून मी लेस्टरला मुलाकडे तीन महिन्यांसाठी निघाले, तेव्हा बॅगेत जोंधळ्याचं पीठ, मेतकूट, जपमाळ आणि पाणी गाळायची दोन फडकी होती. निघायच्या आदल्या दिवशी तो फोनवर म्हणाला, "आई, एक सांगायचं राहिलं. घरात मी एकटा नसतो." माझ्या मनात काय काय येऊन गेलं, ते मुलांच्या आयांना सांगायला नको. बेळगाव ते लेस्टर एवढ्या प्रवासात मी त्या न पाहिलेल्या मुलीला साडी कोणती द्यायची, इथपर्यंत येऊन पोचले होते.

घरात पाऊल टाकल्यावर त्यानं पुस्तकांच्या फळीवरची एक लहानशी प्लास्टिकची पेटी दाखवली. आत तळहाताएवढा काळा केसाळ कोळी. प्रत्येक पायाच्या गुडघ्याला शेंदरी पट्टा, जणू कुणी कुंकवाचं बोट ओढलंय. "टॅरँटुला आहे. मेक्सिकोतली. रेडनी म्हणतात हिला. मादी आहे." मी दारातच उभी. कोळीण म्हणावं तर मासेवाली डोळ्यांपुढे येते. शेवटी मी 'बाई' म्हणायला लागले, आणि तेच नाव पडलं.

ही जात जंगलातून इतकी पकडली गेली, की १९८५ पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. आमच्या बाई तिकडेच, माणसाच्या देखरेखीत जन्मलेल्या. मुलानं तळहातावर मावेल एवढी असताना आणली नव्हती, नखाएवढी असताना आणली होती. आता ती पेटी तिला अपुरी पडत होती. नवी, मोठी, पारदर्शक पेटी येऊन पडली होती. रविवारी तो म्हणाला, "आई, तू घर छान लावतेस. हिचंही लावून दे की."

खरं सांगते, अंगावर काटा होता, पण घर लावायचं म्हटल्यावर हात शिवशिवले. मी यादीच केली. खाली निळ्या काचेचे खडे, एका बाजूला उंच दगडांचा डोंगर, चढायला लाकडी शिडी, वरून सोडलेली फुलं आणि रात्री एक छोटा दिवा. मुलानं एकेक ऐकून घेतलं आणि एकेक खोडलं. ह्या जातीचे कोळी जमिनीवर राहणारे. उंचावरून पडले तर त्यांचं मऊ पोट फुटतं आणि जीव जातो. म्हणून डोंगर नको, शिडी नको, टोकदार खडे तर नकोतच. पेटी उंच असण्यापेक्षा रुंद हवी, आणि माती इतकी भरायची की वरच्या झाकणापर्यंत फारसं अंतर उरू नये. झाकणाला जाळी नको, पायांची नखं अडकतात. हवेसाठी बाजूंना बारीक भोकं. दिवा नको, तिला अंधार हवा.

"आठ डोळे आहेत ना तिला?" मी विचारलं.

"आहेत, पण दिसतं फार थोडं. उजेड-अंधार कळतो तेवढंच म्हण. तिला सगळं पायांतून कळतं. जमीन हलली की कळतं."

म्हणजे माझी फुलं आणि निळे खडे माझ्यासाठीच होते.

माती म्हणून त्यानं एक वीट काढली आणि मी हसले. तीच ती नारळाच्या काथ्याची दाबलेली वीट, बेळगावात गच्चीवरच्या गुलाबांना मी घालते ती. इथं मला कुणी शिकवायची गरज नव्हती. बादलीत कोमट पाणी घालून वीट भिजवली. ती फुगून पाचपट झाली. मूठमूठ पिळून, जादाचं पाणी काढून पेटीत चांगली वीतभराला थोडी कमी भरली आणि वड्या थापाव्यात तशी तळहातानं दाबली. एका कोपऱ्यात बुचाच्या झाडाच्या सालीचा अर्धगोल तुकडा तिरपा पुरला, त्याच्या खाली दोन बोटं घालून बिळाचं तोंड करून दिलं. दुसऱ्या कोपऱ्यात पाण्याची उथळ वाटी. पाणी मात्र मी गाळूनच घातलं. मागच्या बाजूला प्लास्टिकचं एक नेचं लावायची परवानगी मिळाली, आडोसा होतो म्हणून.

हातमोजे घालून, मऊ ब्रशनं हळूच मागून ढोसत मुलानं बाईंना नव्या घरात सोडलं. चिडली की ती मागच्या पायांनी पोटावरचे केस उडवते, डोळ्यांत गेले तर फार आग होते. दोन दिवस ती भिंतीला चिकटून बसली. तिसऱ्या सकाळी पाहते तर सालीखालची माती उपसून बाहेर ढीग घातलेला, पाण्याच्या वाटीत माती, आणि माझं नेचं आडवं! सासूनं लावलेलं स्वयंपाकघर सुनेनं महिन्याभरात आपल्या हाताला येईल तसं लावावं, तसंच. मला वाईट वाटलं. मुलगा म्हणाला, "आता ती राहायला लागली."

इथवर सगळं ठीक होतं. मग मला फ्रिजमध्ये गाजरं दिसली. आमच्याकडे कंदमूळ येत नाही, त्याच्याही घरात येत नाही. विचारलं तर त्यानं कपाटातला एक डबा उघडला. आत पंधरा-वीस रातकिडे, गाजराच्या फोडीवर बसलेले. गाजर रातकिड्यांसाठी आणि रातकिडे बाईंसाठी. दहा-बारा दिवसांनी एक, जिवंत.

त्या रात्री मला झोप आली नाही. लहानपणी पाठशाळेत शिकलेलं, मुंगीला तीन इंद्रियं, भुंग्याला चार. डोळे आले की चौथं. बाईंनाही डोळे, रातकिड्यालाही डोळे. आपल्या शास्त्रात मांजरासारखे हिंस्र प्राणी पाळणं हिंसादानात धरलंय, तेही माहीत होतं. कोळी जंगलात काय खातो, त्याचा दोष कुणाला नाही. पण घर मी बांधून दिलं. मग तिच्या ताटातही माझा वाटा आला की नाही?

सकाळी मी म्हटलं, "आणायचंच कशाला असलं?"

"आणली तेव्हा एवढा विचार नाही केला," तो म्हणाला. "पण आता उपाशी ठेवू? मादी पंचवीस-तीस वर्षं जगते, आई."

मी सांगितलं, "मी घरी असेपर्यंत तो डबा माझ्यासमोर उघडायचा नाही." ऑक्सफर्ड स्ट्रीटवर जैन मंदिर आहे, जुन्या चर्चच्या इमारतीत, १९८८ साली प्रतिष्ठा झालेलं. पांढऱ्या संगमरवरी कोरीव कामाचं. तिथं गेले, दर्शन घेतलं. ओळखीच्या झालेल्या गुजराती बायकांपैकी कुणाला विचारावं असं मनात आलं, पण काय विचारणार? मी कोळ्याचं घर सजवते, म्हणून?

नोव्हेंबरमध्ये तो दोन दिवस ऑफिसच्या कामाला लंडनला गेला. सकाळी चहा घेऊन फळीपाशी गेले, तर बाई उताण्या पडलेल्या. आठही पाय वर. छातीत धस्स झालं. फोन लावला.

"मेली नाही गं! कात टाकतेय. हात लावू नको, पेटी हलवू नको." मग आवाज बदलला. "आई, निघायच्या घाईत मी काल रात्री रातकिडा सोडला होता. आत आहे का बघ. तिची कातडी आता इतकी मऊ असते, की तो तिला कुरतडू शकतो."

रातकिडा होता. नेच्याखाली. ज्याचा घास व्हायचा, तोच आज तिचा घास घेऊ शकत होता.

घरी पाल, झुरळ, पतंग काहीही आलं तरी वाटी पालथी घालून खालून कागद सरकवायचा आणि बाहेर सोडायचं, हे सासूबाईंनी शिकवलेलं. तेच केलं. चहाचा रिकामा पेला आणि दिवाळीचं एक शुभेच्छापत्र. पेटीला धक्का लागू न देता, श्वास धरून. वीस मिनिटं गेली. तो पेल्यात आला आणि मी खुर्चीवर बसले.

आता याला सोडू कुठं? बाहेर थंडी मरणाची, आणि तो त्या मातीतला नाही. रात्रीपर्यंत जगला नसता. मग डबा मी माझ्या हातानं उघडला. त्याला आत सोडलं आणि माहेरी-सासरी कधी चिरलं नव्हतं ते गाजर चिरून आत टाकलं.

दुपारपर्यंत पेटीसमोरच होते. पाठीवरचं कवच झाकणासारखं उघडलं. घट्ट बसलेली बांगडी हातातून काढावी, तसा एकेक पाय ती जुन्या कातडीतून ओढून काढत होती. मध्येच थांबायची. बाळंतिणीजवळ बसावं तशी मी बसले होते. शेवटी कातडीचा एक पूर्ण कोळी बाजूला पडला आणि नवी बाई ओलसर, गुडघे आधीपेक्षा लाल. दात मात्र पांढरे.

मुलगा आल्यावर म्हणाला, दात काळे आणि टणक होईपर्यंत ती खाणार नाही. निदान दहा-बारा दिवस.

"म्हणजे उपवास," मी म्हटलं. तो हसला. मला मात्र डब्यातल्या त्या एकाचे दिवस मोजायची सवय लागली. मरण पुढे ढकललं म्हणजे जीव वाचवला असं होत नाही, हे मला कळतं. तरी मी मोजत होते.

निघताना तो आपणहून म्हणाला, "आई, दुसरी आणणार नाही. हिचं मात्र शेवटपर्यंत करावं लागेल." मी मान हलवली.

आता इथं बेळगावात रोज संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसते. सगळ्या जीवांची क्षमा मागून झाली की त्या डब्यातल्या रातकिड्यांची वेगळी मागते. बाईंचं घर कोणत्या बाजूला लिहावं, ते अजून ठरलेलं नाही. रविवारी फोनवर पहिला प्रश्न मात्र माझाच असतो, "बाई कशा आहेत? वाटीतलं पाणी बदललंस का? गाळून घातलंस ना?"