वाटीतलं पाणी

खंडेनवमीला ट्रॅक्टर धुतला जातो, बॉनेटला झेंडूचा हार चढतो. मग महिनाभराच्या आत कारखान्यांची धुराडी पेटतात आणि पंधरा-वीस वर्षांचा जुना ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या जोडून उसाच्या फडात उभा राहतो. रिकामा असताना छान पळतो. भरल्या ट्रॉल्या घेऊन चढाला लागला, की आवाज खाली येतो, दम टाकतो, बंद पडतो. पाच-दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. चालक फोन लावतो, "मिस्त्री, पंप गेला बघा."

तीस वर्षं ट्रॅक्टरच्या इंजिनांवर काम करताना दर हंगामात हे वाक्य कानावर आलं आहे. बहुतेक वेळा पंप शाबूत असतो. तुंबलेला असतो तो डिझेल फिल्टर.

ओळखायची खूण साधी आहे. हवेचा फिल्टर चोंदला किंवा नोझल बिघडलं तर ट्रॅक्टर काळा धूर ओकतो. डिझेल कमी पडलं तर धूर वाढत नाही, फक्त ताकद जाते. रिकाम्या इंजिनाला थोडं डिझेल पुरतं, तेवढं तुंबलेल्या फिल्टरमधूनही झिरपतं. भार आला की मागणी वाढते आणि पुरवठा तिथेच राहतो. थांबल्यावर पुन्हा चालू होतं, कारण तेवढ्या वेळात डिझेल हळूहळू पुढे साठलेलं असतं.

हे डिझेल इतकं गाळून का घ्यावं लागतं? रुडॉल्फ डिझेलचं इंजिन 1897 साली यशस्वी झालं, तेव्हा त्यात इंधन आत फुंकायला दाबाखालची हवा लागायची आणि तिच्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर. असं धूड शेतात नेणं शक्यच नव्हतं. बॉशने 1927 पासून इंजेक्शन पंपाचं मोठं उत्पादन सुरू केलं आणि डिझेल इंजिन गाडीत, ट्रॅक्टरमध्ये बसू लागलं. आपल्याकडे असे पंप बनवणारी मायको कंपनी 1951 साली निघाली. जुने मेकॅनिक आजही "मायकोचा पंप" असंच म्हणतात.

त्या पंपातला प्लंजर आणि बॅरल यांच्यामधली फट दोन-चार मायक्रॉनची असते. माणसाचा केस साधारण साठ-सत्तर मायक्रॉन जाड. हिशेब करून बघावा: तीन सिलिंडरचं इंजिन मिनिटाला 2000 फेरे फिरत असेल, तर प्रत्येक नोझल मिनिटाला हजार वेळा फवारा मारतं. तासाला सहा लिटर डिझेल धरलं, तर एका फवाऱ्याच्या वाट्याला एक थेंबसुद्धा येत नाही. एवढ्या बारीक कामात काळ्या रानातली धूळ शिरली, की प्लंजरवर ओरखडे उठतात आणि ते पुन्हा बुजत नाहीत. फिल्टरचं एलिमेंट काही शे रुपयांत मिळतं. पंप उघडला की खर्च हजारांत जातो आणि ऐन तोडीत ट्रॅक्टर अडकून पडतो, ते वेगळंच.

म्हणून टाकीपासून नोझलपर्यंत डिझेलला अनेक पहारे असतात. आधी काचेची वाटी. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तिच्या तळाशी बसतं आणि डोळ्यांना दिसतं. मग फीड पंप, त्याच्या पुढे जोडीचे दोन फिल्टर. पहिला जाड गाळ अडवतो, दुसरा कागदाचा, बारीक कण पकडणारा. मी दोन्ही एका बैठकीत बदलत नाही. पहिला बदलताना कितीही जपलं तरी थोडी घाण आत जाते. ती अडवायला दुसरा जागेवर बसलेला बरा.

फिल्टर बदलण्याचं काम अर्ध्या तासाचं आहे, पण त्यातला निम्मा वेळ पाना हातात घेण्याआधीच जायला हवा. फिल्टरचं डोकं, भांडी, नळ्या ब्रशने आणि डिझेलने धुऊन घ्यायच्या. धूळ बाहेर तशीच ठेवून भांडं उघडणं म्हणजे ती हाताने आत टाकणं. कॉक बंद करावा, खालच्या स्क्रूने गाळ सोडावा, मग एका हाताने भांडं धरून मधला बोल्ट सोडावा. जुनी रबरी रिंग खाचेला चिकटून राहते. ती न काढता वर नवी बसवली, की दोन्ही नीट बसत नाहीत. कधी डिझेल गळतं, कधी हवा ओढली जाते. तांब्याचे वॉशर नवे टाकावेत. बोल्ट बेताने आवळावा, वरचं डोकं ॲल्युमिनियमचं असलं तर आटे लगेच जातात.

लवकर चालू व्हावा म्हणून नव्या फिल्टरमध्ये कॅनमधलं डिझेल ओतायची सवय अनेकांना आहे. ती मोडावी. ओतलेलं डिझेल गाळून निघालेल्या बाजूला पडलं, तर न गाळताच थेट पंपात जातं.

यानंतरचं काम म्हणजे हवा काढणं. हवा दाबली जाते. प्लंजर तिला दाबत राहतो आणि नोझल उघडतच नाही. म्हणून डिझेलच्या वाटेने क्रमाने पुढे जायचं. पहिल्या फिल्टरचा स्क्रू सैल करून हँड प्रायमर मारायचा, फेस थांबून सलग धार आली की मारता मारताच स्क्रू आवळायचा. मग दुसरा फिल्टर, मग पंप, आणि गरज पडली तरच नोझलच्या पाइपचे नट. चालू इंजिनाच्या गळत्या हायप्रेशर पाइपवर बोट कधीही ठेवू नये. तो फवारा कातडी फोडून आत जातो आणि वरून टाचणीएवढीच जखम दिसते. तरीही लगेच दवाखान्यात जावं.

पंढरपूर भागातला एक तरुण शेतकरी एकाच हंगामात तिसऱ्यांदा फिल्टर घेऊन आला. प्रत्येक वेळी आत बुळबुळीत थर. ट्रॅक्टरमध्ये दोष सापडेना, म्हणून मी त्याच्या शेडवर गेलो. डिझेलचा साठा जस्त चढवलेल्या पत्र्याच्या पिंपात होता. जस्ताची डिझेलशी प्रक्रिया होऊन साबणासारखा चिकट पदार्थ तयार होतो आणि तोच फिल्टरमध्ये जाऊन बसतो. पिंप बदललं, टाकी धुतली, तक्रार संपली.

तुंबलेल्या फिल्टरवरचा एक उपाय मात्र ऐकूनच जिवाला लागतो. गाडी रस्त्यात अडली की काही जण तुंबलेल्या एलिमेंटला स्क्रूड्रायव्हरने भोक पाडतात. ट्रॅक्टर त्या दिवशी कारखान्यावर पोहोचतो. अशा दोन ट्रॅक्टरांचे पंप पुढे माझ्याच बाकावर उघडले गेले आणि दोन्हींचे प्लंजर टाकून द्यावे लागले.

थंडीत अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली, की आतल्या हवेतलं दव पत्र्याला धरतं आणि पाणी होऊन तळाशी जातं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू वाढून काळी बुरशीसारखी साय धरते. संध्याकाळी टाकी भरून ठेवली तर दवाला जागा उरत नाही.

दिवाळीच्या पाडव्याच्या आत एवढं एक करा. रात्रभर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरच्या फिल्टरखालचा स्क्रू सकाळी, इंजिन सुरू करण्यापूर्वी, सोडा आणि जे येईल ते पारदर्शक काचेच्या बाटलीत धरा. तासाभराने बाटलीच्या तळाशी पाणी किंवा काळा गाळ दिसला, तर ट्रॉली जोडण्याआधी पहिला फिल्टर बदला, आणि बदलल्याची तारीख व मीटरवरचे तास भांड्यावर रंगाने लिहून ठेवा.