अंगठा बधिर, की मधलं बोट?

एम५४.२. आमच्या धंद्यात हा कोड कुणाला पुस्तकात शोधावा लागत नाही. डॉक्टरांनी 'नेक पेन' एवढंच लिहिलं की हा लागतो आणि चार्ट पुढे सरकतो. अमेरिकेतल्या दवाखान्यांचे चार्ट मी ऐरोलीच्या ऑफिसात बसून कोड करते, आणि मला सगळ्यात जास्त धास्ती याच कोडची वाटते. मानेच्या सरकलेल्या गाद्या त्याच्याआड लपून राहतात.

मी मूळची फिजिओथेरपिस्ट. कोडिंगची परीक्षा नंतर दिली. त्यामुळे चार्ट वाचताना आकड्यांच्या आधी मला हात दिसतो. मानेत मणके सात, पण नसांच्या जोड्या आठ. म्हणून सी५ आणि सी६ या मणक्यांमधली गादी बाहेर आली की सहसा सी६ची नस दबते. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट बधिर होतं, मनगट वर उचलायला जोर पुरत नाही. एक मणका खाली, सी६-सी७ला, गादी सरकली तर मधलं बोट बधिर होतं आणि कोपर सरळ करताना दंडाचा मागचा स्नायू दगा देतो. त्याच्याही खाली सरकली तर करंगळी. कुठलं बोट, एवढं पेशंटनं नीट सांगितलं आणि डॉक्टरांनी ते लिहिलं, तर एमआरआयच्या आधीच रोगाचा माग लागतो.

अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ला आयसीडी-१०-सीएम ही आजारांच्या कोडची यादी लागू झाली. त्याआधीच्या यादीत मज्जारज्जूवर दाब नसलेली मानेची कुठलीही सरकलेली गादी ७२२.० या एकाच कोडमध्ये जात असे. आता एम५० या गटात आधी विचारतात ते दाबाचं: मज्जारज्जू दबला आहे, नस दबली आहे, की गादी नुसतीच सरकली किंवा झिजली आहे? मग जागा. २०१६च्या ऑक्टोबरपासून मानेच्या मधल्या भागातली प्रत्येक गादीही वेगळी मोजतात. एम५०.१२२ म्हणजे सी५-सी६ची गादी आणि तिच्यामुळे दुखावलेली सी६ची नस. इतकं बारीक सांगणाऱ्या या कोडमध्ये उजव्या-डाव्याला मात्र जागा नाही. ते डॉक्टरांच्या नोंदीतच असावं लागतं.

एक चार्ट मनातून जात नाही. पेशंट गोदामात खोकी भरणारी बाई. ओळख पटेल असं काही सांगणार नाही. उजव्या हाताला मुंग्या, रात्री झोप नाही, हातातून कप निसटतो. तपासणीत उजव्या अंगठ्याची संवेदना कमी, मनगटाजवळ हातोडी मारल्यावर प्रतिसाद मंद. एमआरआयच्या अहवालात सी५-सी६ आणि सी६-सी७ या दोन्ही गाद्या बाहेर आलेल्या. आणि एवढं सगळं असताना निदानाच्या रकान्यात फक्त 'नेक पेन'. मानेत इंजेक्शन द्यायचं ठरलं होतं. विमा कंपनीनं ते नाकारलं, कारण नुसत्या मानदुखीला ते मंजूर होत नाही. नस दबल्याचं निदान लागतं.

काय झालंय ते मला चार्टवरून कळत होतं, पण निदान करणं हे कोडरचं काम नाही. डॉक्टरांनी 'संशय आहे' किंवा 'असू शकेल' असं लिहिलं असतं, तरी बाह्यरुग्ण विभागाच्या नियमाप्रमाणे मला तो कोड लावता आला नसता. हा नियम मला मनापासून पटतो. माझ्या अंदाजानं कुणाच्या नावावर आजार चढता कामा नये.

अशा वेळी डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे लेखी विचारणा, पाठवायची. तीही डॉक्टरांच्या तोंडी उत्तर घालून नाही. 'ही सी६ची रॅडिक्युलोपॅथी, म्हणजे नस दबल्याचा त्रास, आहे ना?' असं विचारता येत नाही. मी त्यांचीच निरीक्षणं त्यांच्यासमोर ठेवली, तपासणीतली आणि एमआरआयमधली, आणि या लक्षणांमागचं निदान त्यांच्या मते काय आहे ते नोंदवावं, अशी विनंती केली. त्यांनी चार्टला पुरवणी जोडली: सी५-सी६ आणि सी६-सी७ची गादी सरकलेली, सी६च्या नसेवर दाब, उजवी बाजू. दोन जागा असल्या की सर्वांत वरची धरायची, असा एम५०चा नियम आहे. एम५०.१२२ लागला. मानदुखीचा कोड काढला, कारण गादीमुळेच दुखत असेल तर हे दोन कोड एकत्र चालत नाहीत. विमा कंपनीकडे केलेलं अपील मंजूर झाल्याचं डिनायलच्या, म्हणजे नाकारलेले दावे पाहणाऱ्या, टीममधल्या मैत्रिणीनं कळवलं, तेव्हा मी जागेवरून उठून तिच्या डेस्कपाशी गेले.

डॉक्टरांना मी दोष देत नाही. एका पेशंटमागे त्यांना मोजकीच मिनिटं मिळतात, आणि संगणकातला मागच्या भेटीचा मजकूर जसाच्या तसा पुढे येतो. पण शर्टाची बटणं लावता येत नाहीत, चालताना तोल जातो, असं लिहिलेलं असतं आणि मज्जारज्जूबद्दल एक शब्द नसतो, तेव्हा माझा जीव खालीवर होतो. तिथे पैशाचा प्रश्न नंतरचा. उशीर झाला तर गेलेली ताकद परत येईलच असं नसतं.

माझे मामा वाशीच्या मार्केटात माथाडी आहेत. सारी हयात पोती वाहण्यात गेली. गणपतीत घरी आले तेव्हा आरतीचं ताट ते डाव्या हातात धरेनात. त्यांचा केस पेपर मागून घेतला. 'मानदुखी' आणि खाली गोळ्या, मलम.

"मामा, डॉक्टरांना काय सांगितलंत?"

"मान दुखते म्हटलं. अजून काय सांगायचं?"

"बोटांचं सांगितलं नाहीत?"

"त्यांनी विचारलं नाही, बाई."

डोळे मिटायला सांगून मी कापसानं एकेक बोट तपासलं. मधलं बोट त्यांना कळतच नव्हतं. माझ्या तळहातावर हात टेकवून कोपर सरळ करायला सांगितलं, तर डावा हात मी दोन बोटांनी अडवू शकत होते. एका कागदावर मी मराठीत लिहून दिलं: केव्हापासून, कुठलं बोट, कुठला हात, काय उचलता येत नाही, काम काय. निदान लिहिलं नाही. म्हटलं, हा कागद डॉक्टरांच्या हातात द्या.

डॉक्टरांनी तो वाचला, कोपरामागे हातोडी मारून पाहिली आणि एमआरआय सांगितला. सी६-सी७ची गादी निघाली. शस्त्रक्रियेची गरज सध्या नाही; व्यायाम चालू आहेत, ताकद दर भेटीला मोजतात. ओझं उचलायचं नाही असं मामांनी टोळीत सांगितलं, तेव्हा मुकादम म्हणाला, लेखी आण. या वेळी कागदावर गादी, नस, बाजू, ताकद किती कमी झाली ते आणि वजन न उचलण्याची सूचना, सगळं होतं. टोळीनं त्यांना काट्यावर वजनं लिहायला बसवलं आहे.