शिडाचं पोट

दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समध्ये पाणी भरपूर आहे, पण वारा शिडाच्या कामाचा नाही. तळ्यांवरून तो सरळ येतो, अल्मास टॉवरला आपटतो आणि भलत्याच बाजूने परततो. वारा बघायचा तर डीएमसीसी मेट्रो स्टेशनच्या पुलावरून शेख झायेद रोड ओलांडावा आणि ट्रामने मिना सेयाही गाठावं. ढाऊंच्या, म्हणजे पारंपरिक अरबी शिडाच्या नौकांच्या, शर्यतींचं दुबईतलं ठाणं तिथे आहे.

माझा जीव मात्र गॅफच्या शिडाच्या, शर्यतीच्या छोट्या होड्यांवर. शिडाला चार कोपरे. पुढची कड डोलकाठीला, वरची गॅफ नावाच्या तिरक्या काठीला, खालची बूम या आडव्या काठीला, मागची मोकळी. गॅफ वर चढते दोन दोरांवर: एक तिच्या बुडाला, दुसरा शेंड्याकडे. खरी कसोटी या दुसऱ्या दोराची. तो ढिला राहिला, की गॅफच्या बुडापासून शिडाच्या मागच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी सुरकुती पडते. जास्त ताणला, तर शेंड्यापासून डोलकाठीच्या पायथ्याकडे. मुरलेला खलाशी ही दुसरी सुरकुती थोडी मुद्दाम ठेवतो. वारा भरला की गॅफ किंचित खाली बसते, सुरकुती विरते आणि शीड एकसंध फुगतं. ते बघणं फार सुंदर असतं.

शिडाचं हे फुगीर पोट वारा देत नाही, ते कापतानाच द्यावं लागतं. ब्लाउजला टक्स घालतात तशा शिडाच्या पट्ट्या जोडताना शिवणी टोकाकडे किंचित रुंद घ्यायच्या. शिवाय काठीला लागणारी कड सरळ न कापता बाहेर गोलसर ठेवायची. सरळ काठीला बांधली की ते जादा कापड आत सरकतं. मंद वाऱ्याला पोट खोल हवं, जोरकस वाऱ्याला सपाट. सुती कापड ताणलं जातं, भिजलं की आटतं, म्हणून नवं शीड पहिल्यांदा हलक्या वाऱ्यातच चढवत. पॉलिएस्टरला एवढे लाड लागत नाहीत, आणि मला त्याची जरा हळहळच वाटते.

आखाती ढाऊचं शीड वेगळ्या घराण्यातलं, आपल्या कोकणच्या फत्तेमारीच्या नात्यातलं: पुढे झुकलेली डोलकाठी आणि तिच्यावर टांगलेलं लांबलचक तिरकं परबाण, म्हणजे शीड धरणारी काठी. त्याचं खालचं टोक डोलकाठीकडे ओढलं की शीड उभं होतं, सोडलं की आडवं पडतं. गॅफवाल्याने रात्ररात्र विचार केलेला काठीचा कोनच तो, फक्त इथे तो साठ फुटी नौकेवर डझनावारी हातांनी साधावा लागतो.

याच ढाऊंची अल-गफ्फाल शर्यत 1991 पासून होते. शारजाच्या सर बू नायर बेटावरून दुबईपर्यंत, पन्नास सागरी मैलांहून जास्त. मोती काढायला गेलेल्या नौका हंगाम संपवून घरी परतत, त्या परतीचं हे नाव. त्यातले किती मोती पुढे मुंबईच्या बाजारात पोचत! सुरुवातीला सगळ्या नौका शिडं उतरवून रांगेत असतात आणि इशारा झाला की चढवतात. वायव्येचा शमाल वारा असला तर तो डाव्या अंगाने, मागून तिरका लागतो. मग बाजू बदलायची वेळ फारशी येत नाही, आणि ज्याने कापतानाच पोट बरोबर साधलं, त्याची नौका पुढे जाते.