रपट्यापलीकडे जाणारी गाडी

आष्टीजवळ वैनगंगेवरचा पूल ओलांडला, की चंद्रपूरची कोळशाची धूळ मागे राहते आणि सागाचे राज्य सुरू होते. पुढे आलापल्ली, मग पेरमिली, ताडगाव, हेमलकसा आणि शेवटी पर्लकोटेच्या काठचे भामरागड. गडचिरोली जिल्हा १९८२ च्या ऑगस्टात चंद्रपुरातून वेगळा झाला. शेतीविस्ताराच्या कामात या दोन्ही जिल्ह्यांत माझी पंचवीसहून अधिक वर्षे गेली. डांबराने बरीच मजल मारली आहे, नाही असे नाही. पण सडक सोडून दोन कोस आत गेलात, की पावसाळ्यात तोच चिखल, तोच नाला आणि तोच बुडालेला रपटा. २०१९ च्या पावसाळ्यात तर खुद्द भामरागडलाच पुन्हा पुन्हा पाण्याने वेढले.

म्हणूनच "साहेब, एखादी जुनी जीप पाहून द्या ना," हे मला बियाण्याच्या चौकशीइतकेच ऐकावे लागते.

एटापल्लीकडचे एक भाऊ मात्र विचारायला आले नाहीत. धानाचे पैसे आले, त्यात बैलजोडी विकून भर घातली आणि परजिल्ह्यातून जीप आणली. मागे ठळक अक्षरांत 'फोर बाय फोर' लिहिलेले. रोवणीच्या दिवसांत सुनेला कळा सुरू झाल्या आणि गावाबाहेरच्या नाल्याच्या चढावर गाडी रुतली. मागची चाके जागच्या जागी फिरत राहिली, पुढची नुसती पाहत राहिली. शेवटी पोरीला खाटेवर घालून सडकेपर्यंत न्यावे लागले. सून आणि बाळ सुखरूप आहेत. दुसऱ्या दिवशी गाडी ओढून काढली ती शेजाऱ्याच्या बैलांनी. मी गेलो तेव्हा खाली वाकून पाहिले, तर पुढच्या चाकांना जोर पोचवणारा शाफ्टच नव्हता! अक्षरे तेवढी रंगवलेली.

तेव्हा पहिले काम हेच, की बॉनेट उघडण्याआधी गाडीखाली शिरा. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या जीप आणि बोलेरोंपैकी कित्येक दोनच चाकांवर चालणाऱ्या असतात. शाफ्ट दिसला तरी तेवढ्यावर विसंबू नका. मागच्या चाकांना दगड लावा, पुढचे एक चाक जॅकवर उचला. इंजिन बंद ठेवून गाडी गिअरमध्ये टाका, चारही चाकांचा दांडा जोडा आणि पुढच्या हबला कुलूप असेल तर तेही लावा. आता उचललेले चाक हाताने फिरता कामा नये. दांडा सोडल्यावर फिरले पाहिजे. मग पुढच्या-मागच्या क्राउनचे तेल थोडे काढून पाहा. दुधाच्या चहासारखे दिसले, तर आत पाणी शिरले आहे असे समजा. चेसीला पाटे जिथे टांगलेले असतात तिथला गंज हातोडीने ठोकून पाहा; नवा रंग फासलेला दिसला तर दोनदा ठोका.

कोणती घ्यावी? आधी तुमची माती सांगा. बर्डीत पाणी मुरते, तिथे जुनी महिंद्राची डिझेल जीप ठीक. तिचे काम येणारा मिस्त्री तालुक्याला मिळतो, ही मोठी जमेची बाजू. कन्हार ओली झाली की टायरच्या खाचा लिंपून जातात आणि जड गाडी पोटावर बसते. तिथे मारुतीची जिप्सी सरस, कारण ती अंगाने हलकी. ताडोब्याच्या मोहर्ली दरवाजावर या जिप्सींची रांग तुम्ही पाहिली असेल. पण ती पेट्रोलवर चालते आणि आता नवी निघत नाही, तेव्हा सुट्या भागांची चौकशी आधी करा. २०१० नंतरची थार चांगली, मात्र जुनी असूनही भाव चढा. वर्षातून चार वेळाच नाला ओलांडायचा असेल, तर माझे मत विचाराल तर ट्रॅक्टर पुरतो!

कागदांत आळस नको. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून ५-५ वर्षांनी वाढवावी लागते, तो खर्च किमतीत धरा. चेसीवरचा नंबर पुस्तकाशी स्वतः ताडून पाहा आणि बँकेचा बोजा उतरल्याची नोंद मागा. पूर्वी सरकारी जीप लिलावात स्वस्त मिळे. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाडीची नोंदणी वाढत नाही, तेव्हा तसली गाडी कुणी गळ्यात मारू पाहील तर सावध राहा.

गाडी आली की पोरांना जंगलात घुसवायची हौस येते. राखीव जंगलात परवानगीवाचून गाडी घालणे हा गुन्हा आहे. गाडीही जप्त होऊ शकते. चारही चाके जोडून कोरड्या डांबरावर पळवू नका. वळणावर पुढची-मागची चाके सारखे अंतर तोडत नाहीत, तो ताण गिअरवर येतो. आणि रपट्यावरून पाणी वाहत असेल तर चार चाके काय नि आठ काय, अलीकडेच थांबा.

त्या भाऊंनी ती जीप अजून ठेवली आहे. तेंदूच्या हंगामात ती मजुरांचे पाणी वाहते. रोवणी आली, की छपराखाली उभी असते. भाऊंनी पुन्हा बैलजोडी घेतली आहे.