ड्रायरची मागची बाजू

“स्टीम येत नाही.” फोनवर एवढंच सांगितलेलं असतं. न्यू जर्सीत घरगुती मशीन दुरुस्त करायला लागून मला बावीस वर्षं झाली, आणि हिवाळ्यात ही तक्रार हमखास येते. निघण्याआधी मी एकच विचारतो: वाफ दिसत नाही, की कपड्यांच्या सुरकुत्या जात नाहीत? कारण कुकरसारखी भसाभसा वाफ सुटेल, अशी बहुतेकांची समजूत असते. पुष्कळ स्टीम ड्रायरमध्ये वेगळा बॉयलर नसतोच. ड्रमच्या मागच्या भिंतीला बोटाच्या पेराएवढं नोझल असतं. ते गरम ड्रममध्ये बारीक फवारा सोडतं आणि त्या पाण्याची आतच वाफ होते. दारातून काही दिसत नाही. काही थेंब खाली पडले तरी बिघाड समजायचं कारण नाही. चार-पाच शर्ट टाकले तर ते नीट मोकळे होतात. बारा कपडे कोंबले तर वाफ पोचायची कुठे?

गेल्या जानेवारीत एडिसनजवळ एका घरी गेलो. बाहेर गुडघाभर बर्फ. मुलगा-सून कामावर, घरी सांगलीहून आलेल्या काकू. मी बूट काढतोय तोवर त्यांनी नावावरून ओळखलं.

“अहो, तुम्ही मराठी? मग आधी चहा घ्या, मशीन कुठं पळून जात नाही.”

तळघरात पाहिलं तर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधलेली आणि तिच्यावर ओळीनं कपडे. त्यांच्या वसाहतीत बाहेर दोरी बांधायला मनाई आहे. शेजारी महागडा ड्रायर उभा आणि काकू मात्र दोरीवर टॉवेल झटकून वाळत घालत होत्या. मला ते पाहून वाईट वाटलं. मशीन असून माणसाचा त्याच्यावरचा विश्वास उडाला, की बिघाड जुना आहे हे ओळखावं.

स्टीमची तक्रार असली की मी पाण्याच्या वाटेनं जातो. वॉशिंग मशीनच्या गार पाण्याच्या नळाला दोन तोंडांचा जोड असतो, त्याची एक नळी ड्रायरला. नळ पूर्ण उघडा आहे ना, नळी मशीनमागे मुडपली नाही ना, हे पाहायला दोन मिनिटं लागतात. इथं दोन्ही ठीक होतं. मग प्लग काढला, नळ बंद केला, खाली बादली धरली आणि नळी सोडवली. व्हॉल्व्हच्या तोंडाशी नखाएवढी जाळी असते. ती पकडीनं अलगद ओढून तळहातावर घेतली. तांबूस बारीक रेती आणि नळीच्या वायसरचे काळे कण तिच्यात घट्ट बसले होते. जुन्या टूथब्रशनं दोन मिनिटांत साफ झाली. नोझलच्या तोंडावर क्षाराचा पांढरा थर होता, ते पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं. भोकात सुई घालू नये. भोक किंचित जरी मोठं झालं तर फवाऱ्याची धार होते आणि कपड्यांवर पाण्याचे डाग पडतात. तेवढ्या वेळात व्हॉल्व्हची कॉइल मीटरनं तपासली, ती शाबूत होती.

काम झालं असं वाटत असताना काकू सहज बोलून गेल्या, “स्टीमचं जाऊ दे हो. मूळ कपडेच दमट निघतात. मुलगा म्हणतो, दोनदा लाव.”

बोलावणं एका कारणासाठी असतं आणि खरं दुखणं असं चहाच्या कपासोबत बाहेर येतं. काकूंच्या या वाक्यासाठी मी आणखी दीड तास थांबलो.

ड्रमच्या पुढच्या बाजूला धातूच्या दोन पट्ट्या असतात. ओले कपडे त्यांना घासून गेले की मशीनला ओल कळते. सुगंधी ड्रायर शीट रोज वापरले तर त्या पट्ट्यांवर मेणचट पापुद्रा चढतो आणि कपडे ओले असतानाच मशीन ‘झालं’ म्हणून थांबतं. लव अडवणाऱ्या जाळीचंही तेच. काकूंना ती नळाखाली धरायला सांगितलं. जाळी डोळ्यांना अगदी स्वच्छ दिसत होती, पण पाणी तिच्यावर थाळीत साचावं तसं साचून राहिलं. “अगंबाई!” म्हणाल्या. साबण आणि मऊ ब्रशनं घासल्यावर पाणी आरपार गेलं.

पण माझा मुख्य संशय मागे होता. ड्रायर म्हणजे उष्णतेचं मशीन असं लोक समजतात. माझ्या लेखी ते हवेचं मशीन आहे. ओल बाहेर नेणारी हवाच अडली तर हीटर कितीही तापून काय उपयोग? मशीन पुढे ओढलं. मागची चुण्याचुण्यांची फॉइलची नळी भिंतीशी चेपून पार चपटी झाली होती. इथल्या बांधकाम नियमांत हवा बाहेर नेणाऱ्या चार इंची डक्टची लांबी ३५ फुटांपर्यंतच धरतात आणि प्रत्येक साध्या काटकोनी वळणाला त्यातून ५ फूट वजा करतात. या घरात तीन वळणं होती. ब्रश आत सरकवून फिरवला आणि राखाडी लवेचे बोळेच्या बोळे बाहेर आले. दमट, हाताला गोधडीतल्या कापसासारखे. दोन पिशव्या भरल्या.

सुरुवातीच्या काळात मी एका घरी ड्रायर तापत नाही म्हणून जळालेला थर्मल फ्यूज बदलून निघून आलो होतो. तीन आठवड्यांत तोही गेला. फ्यूज आपणहून जळत नाही. हवा कोंडते, तापमान चढतं आणि तो स्वतः तुटून घर वाचवतो. त्याला बदलून कोंडलेली वाट तशीच ठेवणं हा मी त्या कुटुंबावर केलेला अन्याय होता. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या २००८ ते २०१० या वर्षांवरच्या अहवालात, घरांमधल्या ड्रायरच्या आगी वर्षाला सुमारे २,९०० धरल्या आहेत. साफसफाई न करणं हे त्यात सगळ्यात मोठं कारण आहे. त्या चुकीपासून फ्यूज हातात घेण्याआधी मी डक्ट पाहतो. गॅसचा ड्रायर असेल तर जास्तच, कारण तिथं जळलेला वायूही त्याच वाटेनं बाहेर पडायचा असतो.

ड्रम फिरतोय पण अजिबात तापत नाही, अशी तक्रार असेल तर आधी ब्रेकर पूर्ण बंद करून परत लावायला सांगतो. विजेच्या ड्रायरला इथं २४० व्होल्ट दोन तारांमधून येतात. एक तार गेली तरी मोटर १२० वर फिरत राहू शकते, हीटर मात्र थंड. फोनवरच सुटतं, फेरीचे पैसे वाचतात. ड्रम फिरत नसून मोटरचा नुसता आवाज येत असेल तर बहुधा बेल्ट तुटलेला असतो.

काकूंच्या घरची चपटी नळी काढून गुळगुळीत पत्र्याची बसवली. जोडांना स्क्रू मारले नाहीत, टोकं आत आली की लव तिथंच अडकते. फॉइल टेप लावली. मग फावडं घेऊन बाहेर गेलो. भिंतीवरची झडप बर्फात अर्धी गाडली गेली होती, ती मोकळी केली.

पहिले ड्रायर विकायला आणणाऱ्यांपैकी विस्कॉन्सिनच्या हॅमिल्टन कंपनीनं १९३८ मध्ये आपल्या मशीनचं नाव ‘जून डे’ ठेवलं होतं. तिकडचा जून म्हणजे लख्ख ऊन. सांगलीच्या काकूंना हे सांगितलं तर म्हणाल्या, “आमच्याकडं जूनमध्ये तर चड्डीसुद्धा वाळत नाही हो!”

दोरीवरचे ओले टॉवेल काढून त्यांनी स्वतः ड्रममध्ये टाकले. बटण दाबून आम्ही दोघं बाहेर गेलो, त्या शाल गुंडाळून. झडपेची पाती वर उचलली गेली होती आणि बर्फात धुकं सुटलं होतं. काकूंनी दोन्ही तळवे तिच्यासमोर धरले आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.