मोठा आकडा म्हणजे वाईट बातमी

पुण्यातल्या प्रयोगशाळेत रुजू होईपर्यंत लसीबद्दल माझी समजूत सरळ होती: मेलेला किंवा अर्धमेला विषाणू टोचायचा, पुढचं शरीर बघून घेतं. एचआयव्हीला हे लागू नाही. त्याचं बाहेरचं प्रथिन साखरेच्या थराखाली दडलेलं, आणि एकाच रुग्णाच्या अंगातसुद्धा तो सतत रूप पालटतो.

म्हणून इथे काम उलट्या टोकाने चालतं. वर्षानुवर्षं संसर्ग असलेल्या काही थोड्या लोकांत नाना प्रकारच्या एचआयव्हींना रोखणाऱ्या अँटिबॉडी तयार होतात. आधी त्या शोधायच्या, मग त्या निर्माण करील अशी लस रचायची.

"मग ते लोक बरे का होत नाहीत, मॅडम?"

"त्यांच्यातला विषाणू तोवर पुढे निघून गेलेला असतो गं."

ज्याने अँटिबॉडी बनवली त्यालाच तिचा उपयोग नाही! मला हे अजून पचलेलं नाही.

अशा अँटिबॉडी शोधायची चाचणीही उफराटी. 96 वेलच्या प्लेटमध्ये सीरम 20 पट पातळ करून सुरुवात, मग पुढच्या प्रत्येक वेलमध्ये तिप्पट पातळ. त्यात फक्त एकदाच संसर्ग करू शकणारा बनावट विषाणू आणि टीझेडएम-बीएल पेशी. विषाणू आत शिरला की पेशीत ल्युसिफरेज बनतं. 2 दिवसांनी यंत्र त्याचा उजेड मोजतं. म्हणजे मोठा आकडा ही वाईट बातमी. आयुष्यभर मार्क मोजलेल्या डोक्याला हे जड जातं.

अशीच एक अँटिबॉडी शोधायला अमेरिकेतल्या बेथेस्डाच्या शास्त्रज्ञांनी विषाणूच्या प्रथिनातली पेशीला चिकटणारी जागा तेवढी शाबूत ठेवली, बाकीचा पृष्ठभाग बदलला आणि तो गळ ‘दाता 45’ नावाने नोंदलेल्या माणसाच्या बी-पेशींत टाकला. हाती लागली व्हीआरसी01: तपासलेल्या एचआयव्हींपैकी सुमारे 90 टक्के रोखणारी. 2010 सालची गोष्ट. पण तिच्या मूळ जनुकात इतके फेरफार झालेत की एका टोच्यात शरीर तिथवर पोचणं अशक्य. पायरीपायरीने वेगवेगळे डोस लागणार. विल्यम शिफ यांच्या चमूची लस पहिल्या पायरीची. ती घेतलेल्या 36 पैकी 35 जणांत अशा अँटिबॉडींच्या पूर्वज बी-पेशी जाग्या झाल्या. विषाणू रोखण्याचं बळ त्यांच्यात अजून नाही, तरी 2022 साली निकाल छापून आल्यावर सगळे खूश.

मी छत्तिसाव्यापाशीच अडकले. त्या माणसाकडे लागणाऱ्या जनुकाचा योग्य नमुनाच नव्हता म्हणे. आपल्याकडे तो नमुना कितीजणांकडे आहे, असं विचारलं, तर मॅडमनी पेपरांचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला.