इंटरनेटचाही सातबारा असतो

सातबारा म्हणजे काय हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बांधावरून डोकी फुटतात, फेरफार अडला की माणूस तलाठ्याच्या दाराशी चपला झिजवतो. पण इंटरनेटलाही असाच एक सातबारा असतो आणि त्यातली एक ओळ चुकली तर निम्म्या गावाचं नेट बसतं, हे मी गेल्या वर्षी डोळ्यांनी पाहिलं. म्हणून हे लिहितोय. पोस्ट थोडी मोठी आहे, पण वाचा.

आमच्या गावातला एक केबलवाला. धंदा आता पोराच्या हातात. डिश आल्या, मोबाइल आले, केबल आटली, तसं पोरानं घरोघरी इंटरनेट द्यायला सुरुवात केली. आधी वरच्या मोठ्या कंपनीचेच पत्ते वापरायचा. पण एकाच कंपनीवर भिस्त ठेवली की तिची लाइन तुटली म्हणजे सगळं गाव अंधारात. त्याला दोन कंपन्यांच्या लाइन हव्या होत्या, आणि त्यासाठी स्वतःचे आयपी पत्ते आणि स्वतःचा एएस क्रमांक लागतो. भारतात हे आयआरआयएनएन नावाच्या रजिस्ट्रीकडून मिळतं. त्यानं अर्ज केला, फी भरली, ५१२ पत्ते आणि एक क्रमांक मिळाला. पेढे वाटले.

मग वरच्या कंपनीच्या इंजिनिअरनं विचारलं, "रूट ऑब्जेक्ट केलंय का?"

पोरगा माझ्याकडे आला. "दादा, तुमचं इंग्रजी बरंय, जरा बसता का माझ्याबरोबर?" बसलो. पत्रकाराला कागद वाचायची सवय असतेच.

तर गोष्ट अशी. जगातली हजारो नेटवर्क एकमेकांना सतत सांगत असतात, 'अमुक पत्ते माझ्याकडे आहेत, तिकडचा माल माझ्याकडे पाठवा.' ही भाषा म्हणजे बीजीपी. गंमत अशी की सांगणारा खरं बोलतोय की नाही, हे तपासायची सोय या भाषेत मुळातच नाही. म्हणून बाजूला नोंदवह्या ठेवल्या आहेत, त्या म्हणजे राउटिंग रजिस्ट्री. त्यात लिहायचं: ही पत्त्यांची पट्टी, ती हा क्रमांक जाहीर करणार, आणि ही नोंद बदलायचा अधिकार अमक्याचा. वरच्या कंपनीचा संगणक ती वही वाचून यादी बनवतो. यादीत नाव असेल तर आत, नसेल तर बाहेर.

पोरानं शहरातल्या एका सल्लागाराला पैसे देऊन नोंद करून घेतली. नोंद झाली ५१२ पत्त्यांच्या अख्ख्या पट्टीची. पण दोन्ही लाइनवर भार सारखा वाटावा म्हणून पोरानं पट्टीचे दोन तुकडे केले, २५६ या लाइनवर, २५६ त्या लाइनवर. पहिल्या कंपनीनं तुकडा चालवून घेतला. दुसरीची यादी कडक. वहीत ५१२ लिहिलंय, तू २५६ सांगतोस, चालणार नाही. निम्मी गिऱ्हाइकं बंद. त्या निम्म्यात सेतू केंद्र होतं, दोन पतसंस्था होत्या, आणि फॉर्म भरायला रांगेत उभी असलेली पोरं होती.

तात्पुरता उपाय सोपा होता. अख्खी पट्टीच दोन्हीकडे जाहीर करायची, नोंद तिचीच होती. पण ते सुचायला नवशिक्याला संध्याकाळ झाली. खरी अडचण पुढे होती. नोंद दुरुस्त करायला गेलो तर किल्लीच आमच्याकडे नाही! मेंटेनर म्हणून खातं सल्लागाराचं, ईमेल त्याचा, पासवर्ड त्याचा. तो चार दिवस फोन उचलेना. पत्ते पोराचे, फी पोराची, आणि सातबाऱ्यावर हात ठेवून बसलाय भलताच. हे आपल्याला कुठंतरी ओळखीचं वाटतं ना?

हा प्रश्न एका गावापुरता नाही. २००८ च्या फेब्रुवारीत पाकिस्तान सरकारनं देशात यूट्यूब बंद करायला सांगितलं. तिथल्या टेलिकॉम कंपनीनं यूट्यूबच्या पट्टीतला एक लहान तुकडा आपलाच म्हणून जाहीर केला. बीजीपीत लहान तुकड्याला मान जास्त. हाँगकाँगच्या वरच्या कंपनीनं शहानिशा न करता ते पुढे ढकललं, आणि जगाच्या मोठ्या भागात यूट्यूब दोनेक तास गायब. २०२१ च्या एप्रिलमध्ये आपल्याच देशातल्या एका मोठ्या मोबाइल कंपनीच्या नेटवर्कनं ३०,००० हून जास्त परक्या पट्ट्या आपल्या म्हणून जाहीर केल्या होत्या. अशा वेळी आधार असतो तो वरच्या कंपनीनं वही तपासण्याचाच.

पण वहीही शंभर टक्के खरी नसते. काही जुन्या रजिस्ट्रींमध्ये पैसे भरणारा कुणीही दुसऱ्याच्या पत्त्यांची नोंद करू शकत होता. माणूस धंदा सोडून गेला तरी नोंद तशीच. सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, असं न्यायालयं सांगतात, तसंच हे. म्हणून आता आरपीकेआय आलं आहे. त्यात पत्ते ज्याला दिले तोच डिजिटल सही करून सांगतो की माझी पट्टी हा क्रमांक जाहीर करेल, आणि किती लहान तुकड्यापर्यंत. आपल्या डिजिटल सहीच्या सातबाऱ्यासारखंच. दोन्ही करावं लागतं, कारण बऱ्याच कंपन्या अजून जुन्या वहीवरूनच यादी काढतात.

आता माझं म्हणणं. बँक, रेशन, परीक्षा, दवाखाना, सगळं ऑनलाइन नेलंत. गावोगावी ते नेट पोचवतात असे लहान केबलवालेच. परवाना देताना त्यांच्याकडून ढीगभर कागद घेतात, पण ही नोंद कशी करायची, किल्ली कुणाकडे असावी, हे मराठीत दोन पानांत सांगणारं कुणी आम्हाला भेटलं नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी एक दिवसाचं शिबिर घ्यायला किती खर्च येतो?

तोवर माझ्या ऑपरेटर मित्रांनो, तीन गोष्टी आजच बघा. रजिस्ट्रीचं खातं तुमच्या स्वतःच्या ईमेलवर आहे का? राउटर जे जाहीर करतो तेच वहीत लिहिलंय का? आणि सहीची नोंद केली आहे का? हूइज कुणालाही फुकट बघता येतं, माहिती अधिकाराचा अर्जसुद्धा लागत नाही.

पोरानं चौथ्या दिवशी किल्ली ताब्यात घेतली. आता शेजारच्या तालुक्यातले दोघे त्याच्याकडे शिकायला येतात. फी घेत नाही, फक्त पासवर्ड त्यांचा त्यांनाच टाकायला लावतो.